पंपाची सिरिंज आदल्या दिवशी भरून फ्रिजमध्ये ठेवली तर चालेल का?

सासूबाईंना स्वादुपिंडाचा कॅन्सर आहे. घर गोव्यात, सत्तरी तालुक्यात, वाळपईहून बरंच आत. गिळणं बंद झाल्यापासून वेदनेसाठी मॉर्फिन, अस्वस्थपणासाठी मिडॅझोलॅम आणि मळमळीसाठी हॅलोपेरिडॉल एकाच सिरिंजमध्ये भरून पंपाने कातडीखाली देतात. सिस्टर रोज येऊन सिरिंज बदलतात. पण पाऊस धरला की आमचा रस्ता पाण्याखाली जातो. उद्याची सिरिंज आजच भरून ठेवता येईल का? आणि डेक्सामेथासोन हे स्टेरॉइडही त्यातच घातलं तर वेगळं टोचावं लागणार नाही. त्यांच्या अंगावर आता कातडीच उरली आहे, टोचताना बघवत नाही.

उत्तर १
माझ्या वडिलांनाही हेच मिश्रण होतं. सिरिंजमधलं पाणी स्वच्छ दिसतंय ना, मग काही होत नाही.

उत्तर २
मी फोंड्याला फार्मासिस्ट आहे. वरच्या उत्तरावर कृपया विसंबू नका. गढूळपणा किंवा कण दिसले तर सिरिंज वापरायचीच नाही, हे खरं. पण औषधाची ताकद उतरली किंवा जंतू शिरले तर पाणी तसंच स्वच्छ दिसतं. म्हणून घरी भरलेली सिरिंज साधारण २४ तासांचीच धरतात. फ्रिजचाही भरवसा नाही, गारव्याने काही मिश्रणांत खडे धरतात. न फोडलेल्या अ‍ॅम्प्यूल (औषधाच्या काचेच्या बंद कुप्या) मात्र मुदतीपर्यंत टिकतात. त्या घरात कुलपात ठेवून तुमच्यापैकी एकाला भरायला शिकवता येईल का, हे डॉक्टरांना आताच विचारा आणि मात्रा लिहून घ्या.

डेक्सामेथासोन त्यात नको. मिडॅझोलॅम आम्ल पाण्यातच विरघळलेलं राहतं, डेक्सामेथासोन अल्कधर्मी. दोन्ही एकत्र आली की पांढरा साका धरू शकतो आणि नळी तुंबते. डेक्सामेथासोनचा परिणाम बराच वेळ टिकतो, त्यामुळे ते बहुधा सकाळी एकदाच देतात. रात्री दिलं तर झोप उडते.

उत्तर ३
मी घरोघरी जाणारी नर्स. ताई, टोचण्याची काळजी करू नका. दुसऱ्या बाजूला कातडीखाली एक बटरफ्लाय सुई (पंखांची बारीक सुई) लावून ठेवता येते, रोजचं डेक्सामेथासोन त्यातूनच जातं. जागा लाल झाली, सुजली किंवा दुखली तर बदलायची. आणि पंप उन्हात ठेवू नका, पांघरुणाखालीही नको. उष्णतेने औषध लवकर बिघडतं.

प्रश्नकर्ती
सिस्टरांना फोन केला. दुसरी सुई उद्या लावतील. अ‍ॅम्प्यूलचं डॉक्टरांशी बोलून सांगतील. माझा धाकटा दीर शिकायला तयार आहे.