मदत हवी आहे: इंग्रजी जर्नलच्या संदर्भसूचीत जुनी मराठी पुस्तकं कशी लिहायची?

शाईदौत

नमस्कार मंडळी,

एकोणिसाव्या शतकातल्या मराठी लेखनावरचा एक लेख इंग्रजी जर्नलला पाठवला होता. परीक्षकांकडे जायच्या आधीच कार्यालयातून परत आला. शेरा एका ओळीचा: संदर्भ शिकागो ऑथर-डेट पद्धतीत (लेखात लेखकाचं नाव आणि साल, तपशील शेवटच्या यादीत) आणि सगळीकडे एकसारखे करून पाठवा. मजकुराबद्दल चकार शब्द नाही. मुदत महिनाअखेर.

इंग्रजी पुस्तकांचं निभतं, संदर्भ सांभाळणारं झोटेरो सॉफ्टवेअर आहे. घोडं अडलंय ते मराठी साधनांपाशी.

फुल्यांची 'गुलामगिरी' १८७३ ची. माझ्या हातात आहे ते साहित्य आणि संस्कृती मंडळाचं 'समग्र वाङ्मय', य. दि. फडके संपादित, १९९१. गाइड म्हणतात १८७३ लिही, सिनियर म्हणतो १९९१. 'फुले १९९१' वाचून मलाच कसंतरी होतं, माणूस १८९० साली गेला! त्यात 'शेतकऱ्याचा असूड'ही त्याच खंडातून घेतलाय, म्हणजे दोन्हींचं साल एकच.

दुसरं, ताराबाई शिंद्यांची 'स्त्री-पुरुष तुलना' मराठीतून वाचली आहे, पण लेखातले उतारे रोझलिंड ओ'हॅनलन यांच्या १९९४ च्या इंग्रजी अनुवादातले आहेत. नोंद कुणाच्या नावावर?

तिसरं, काही पुस्तकांवर फक्त शके आहे. तारखेच्या रकान्यात शके १७९५ टाकलं तर झोटेरोनं सरळ १७९५ साल धरलं. पुस्तक थेट खर्ड्याच्या लढाईच्या वर्षात जाऊन बसलं.

शिवाय रोमन लिपीतल्या मराठी शीर्षकांचा प्रत्येक शब्द कॅपिटल होतोय. कुणी हे निस्तरलं आहे का?

गावकुसाबाहेर

चॅटजीपीटीला यादी द्या, दोन मिनिटांत करून देईल.

पानपूस

@गावकुसाबाहेर, कृपया नको. इंग्रजीतल्या गाजलेल्या पुस्तकांचं ठीक आहे. जुन्या मराठी पुस्तकाला तो आत्मविश्वासानं भलताच प्रकाशक चिकटवतो, आणि ते पकडायला पुन्हा पुस्तकच उघडावं लागतं.

शाईदौत, तुमचे गाइड आणि सिनियर दोघंही अर्धे बरोबर आहेत. शिकागोत दोन्ही सालं येतात: आधी मूळ साल कंसात, त्यापुढे हातातल्या प्रतीचं. लेखात चौकटी कंस, म्हणजे फुले [१८७३] १९९१; यादीत मूळ सालाला गोल कंस. पान क्रमांक १९९१ च्या प्रतीचे आहेत, म्हणून ते साल टाळता येत नाही. याच वाङ्मयाची धनंजय कीर आणि स. गं. मालशे यांनी संपादित केलेली १९६९ ची आवृत्तीही ग्रंथालयांत सापडते. तुमचा संदर्भ तपासणाऱ्यानं ती उघडली तर त्याला तुमचं पान सापडेलच असं नाही. 'असूड' १८८३ चा, म्हणून एक १९९१अ आणि दुसरा १९९१ब. यादी इंग्रजीत असल्यामुळे तिथे अर्थात रोमन ए आणि बी. दोन्ही नोंदी 'संपादित ग्रंथातला भाग' या प्रकारात करा, म्हणजे फडक्यांचं नाव संपादक म्हणून आपोआप येईल.

झोटेरोत मूळ सालासाठी वेगळा रकाना शोधत बसू नका. 'एक्स्ट्रा' या रकान्यात इंग्रजी अक्षरांत ओरिजिनल-डेट, मग कोलन, मग साल असं लिहा. वर्डमध्ये ते खरंच उमटतंय का, हे एका नोंदीवर आधी बघा.

ताराबाईंचं: उतारा ताराबाईंचा असेल तर नोंद शिंदे नावावर, अनुवादक म्हणून ओ'हॅनलन. ओ'हॅनलन यांच्या प्रस्तावनेतला मुद्दा घेतला असेल तर ती नोंद त्यांच्या नावावर, वेगळी. बरेच लेख इथे दोन्ही एकत्र करतात आणि मग प्रस्तावनेतलं वाक्य ताराबाईंच्या तोंडी जातं. मराठी प्रतीतून एखादा शब्द जरी थेट घेतला असेल तर तिची तिसरी नोंद करा.

शके_संवत

शके वर्षात ७८ मिळवा. पण वर्ष चैत्रात सुरू होतं, त्यामुळे पौष-माघ-फाल्गुनात छापलेलं पुस्तक बहुतेक ७९ च्या हिशेबात जातं. मुखपृष्ठावर महिना नसेल तर एकच साल ठोकून देऊ नका. शके १७९५ म्हणजे १८७३–७४, तसंच लिहा. तारखेच्या रकान्यात इसवी सन टाका आणि शके वेगळ्या टिपेत ठेवा.

पानपूस

कॅपिटलचं राहिलं. नोंदीत भाषेचा रकाना रिकामा असला की झोटेरो शीर्षक इंग्रजी समजतो आणि शिकागोच्या नियमानं शब्दाशब्दाला कॅपिटल लावतो. तिथे मराठीचा कोड, एम आणि आर ही दोन छोटी अक्षरं, टाका. मग तुम्ही जसं लिहाल तसंच राहील. शीर्षकाचा इंग्रजी अर्थ द्यायचा तर त्यापुढे चौकटी कंसात, सरळ टाइपात. इटॅलिक फक्त मूळ शीर्षकाला.

अवांतर: 'गव्हर्नमेंट ऑफ बॉम्बे' तुमच्या यादीत 'बॉम्बे, गव्हर्नमेंट ऑफ' असं झालंय का बघा. नावाशेजारच्या छोट्या बटणानं आडनावाचा वेगळा रकाना बंद केला की सरकार पुन्हा सरकार होतं.

शाईदौत

झालंय! शिवाय गॅझेटियरच्या सगळ्या खंडांना झालंय. 🙏

लिप्यंतराचं काय करू? ग्रंथालयाच्या कॅटलॉगातून उचललेल्या नोंदींत अक्षरांवर रेघा आणि खाली टिंबं आहेत, मी हातानं लिहिलेल्यांत काहीच नाही.

शके_संवत

कॅटलॉगात बहुधा लायब्ररी ऑफ काँग्रेसची पद्धत असते. त्यात मराठी शब्दाचा न उच्चारलेला अकारही लिहितात, म्हणून 'बाबासाहेब'च्या शेवटी रोमन ए दिसतो. ती पद्धत घेतलीत तर शीर्षकांना शेवटपर्यंत तीच ठेवा. मी असं करतो: शीर्षकं खुणांसह, व्यक्तींची नावं मात्र रूढ इंग्रजी स्पेलिंगनं. पहिल्या तळटीपेत हे एका वाक्यात सांगून टाका. आद्याक्षरंही बघा. आपल्याकडे 'वि. का. राजवाडे', इंग्रजीत व्ही. के. यादीत एकदा व्ही आणि एकदा व्ही-आय आलं तर तेच राजवाडे दोन माणसं होतात.

कोपऱ्यातला_टेबल

जर्नलच्या ताज्या अंकातला भारतीय भाषांवरचा एखादा लेख उघडून त्याची यादी समोर ठेवा. मार्गदर्शिकेत नसतं ते तिथे दिसतं.

शाईदौत

चांगली सूचना, बघते. शेवटचं: 'केसरी'तले निनावी अग्रलेख, आणि मुंबईच्या पुराभिलेखागारातली कागदपत्रं. यादीत एकेक नोंद करायची का?

पानपूस

वृत्तपत्राचं नाव आणि तारीख लेखातच दिली की शिकागोला पुरतं, यादीत नोंद नसली तरी चालतं. तारीख मात्र पूर्ण हवी, 'केसरी' साप्ताहिक होतं तेव्हाचीसुद्धा. पुराभिलेखागारातून एकच कागद घेतला असेल तर त्याचीच नोंद. जास्त असतील तर यादीत विभागाचं नाव आणि पुराभिलेखागार एकदाच, आणि खंड, वर्ष, कागदाची तारीख लेखात जिथल्या तिथे.

पाठवण्याआधी फाईलची एक प्रत बाजूला ठेवा आणि मगच दुसरीत 'अनलिंक सायटेशन्स' करा. एकदा दुवे तुटले की त्या प्रतीत झोटेरो काहीही बदलू शकत नाही, आणि परीक्षकांचे शेरे यायचे आहेत अजून.