पावसाळ्यात मोटरसायकलच्या चेनची निगा

प्रश्न: कोकणात रोज भर पावसात गाडी चालवावी लागते. चेनवर लालसर गंज दिसतो. ती पेट्रोलने धुतली तर चालेल का, आणि तेल कोणते लावावे?

उत्तर १: पेट्रोल कृपया वापरू नका. ओ-रिंग असलेल्या चेनमध्ये पिन आणि बुश यांच्यामधले ग्रीस रबरी कड्यांनी आत कोंडलेले असते. पेट्रोलने ही कडी खराब झाली की ग्रीस निघून जाते आणि चेन आतून झिजू लागते. रॉकेल किंवा चेन क्लीनर आणि मऊ ब्रश पुरेसा आहे. मात्र इंजिन बंद ठेवून, गाडी न्यूट्रलमध्ये घेऊन चाक हातानेच फिरवावे. चालू इंजिनवर चेन पुसताना बोटे स्प्रॉकेटमध्ये (चेन ज्यावर फिरते त्या दातेरी चक्रात) सापडतात.

उत्तर २: चेन पूर्ण कोरडी झाल्यावर ९० नंबरचे गिअर ऑइल चेनच्या खालच्या भागाच्या आतल्या बाजूने थोडे थोडे लावावे, म्हणजे फिरताना ते बाहेरच्या दिशेने पसरते. जास्तीचे पुसून टाकावे, कारण त्यावर चिखल चिकटतो. एरवी साधारण ५०० किलोमीटरनी हे काम करावे. तुमच्याकडच्या पावसात त्याच्याही आधी.

उत्तर ३: चेनची ढिलाईही तपासावी. तिचे माप गाडीच्या पुस्तिकेत असते.