बीपी ‘टेन्शन’चं की किडनीचं? (पूर्णाकाठ, धानपट्टा आणि संत्राबाग या टोपणनावांच्या तिघांची चर्चा)

पूर्णाकाठ
गावात कोणाचं बीपी 160 निघालं की पहिलं वाक्य ठरलेलं: “टेन्शन लय घेते तो.” मग कर्जाची, पोरीच्या लग्नाची चर्चा होते आणि लघवीची तपासणी राहून जाते. माझं म्हणणं असं की महिनोन्महिने चढलेलं बीपी किडनी बिघडल्याशिवाय टिकतच नाही. दाब वाढला की चांगली किडनी जास्त मीठ-पाणी बाहेर टाकते आणि दाब उतरतो. हॅरी गोल्डब्लाट यांनी 1934 मध्ये कुत्र्यांच्या किडनीची धमनी चिमट्यानं आवळली, तर बीपी चढलं. किडनीचे मज्जातंतू कापले तरी चढलंच. रक्त कमी मिळालं की किडनी रेनिन नावाचं द्रव्य रक्तात सोडते. त्यातून अँजिओटेन्सिन बनतं, त्यानं धमन्या आकसतात, आणि अल्डोस्टेरॉन हे संप्रेरक मीठ अडवून धरतं.

अकोला-अमरावती-बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यात वरून खाऱ्या पाण्याची भर. लिटरमागे 400 मिलिग्रॅम सोडियम असलेलं पाणी दिवसाला 5 लिटर प्यायलं, तर 2 ग्रॅम सोडियम, म्हणजे 5 ग्रॅम मीठ पोटात गेलं. जागतिक आरोग्य संघटनेची दिवसभराची मर्यादा तेवढीच आहे. ठेचा, लोणचं, पापड अजून बाकीच.

धानपट्टा
भाऊ, पण त्या किडनीला रेनिन सोडायला लावतं कोण? मेंदूकडून येणारे सिंपथेटिक मज्जातंतू थेट किडनीत शिरतात. ते रेनिन सोडायला लावतात, मीठ परत शोषायला लावतात आणि तिथल्या धमन्याही आवळतात. हेच मज्जातंतू नळीवाटे निकामी करायची पद्धत अमेरिकेत 2023 मध्ये मंजूर झाली. त्यांचा संबंध नसता तर बीपी उतरलं असतं का?

आणि इकडं खर्ऱ्याचं (सुपारी-तंबाखूच्या मिश्रणाचं) नाव न घेता बीपीवर बोलणं अर्धवट आहे. तंबाखूतलं निकोटीन याच मज्जातंतूंना चेतवतं. नाडी आणि दाब दोन्ही चढतात. गालात खर्रा धरून माणूस बाकावर बसतो, बाहीवरूनच पट्टा बांधतात, हात खाली लोंबतो, आणि आकडा वहीत जातो. मोजण्याआधी अर्धा तास खर्रा-चहा नको. लघवी करून यावं, पाठ टेकून 5 मिनिटं गप्प बसावं, पाय जमिनीवर, दंड उघडा आणि छातीच्या पातळीला. एक-दोन मिनिटांच्या अंतरानं दोनदा मोजावं. जाड दंडाला लहान पट्टा लावला तर आकडा खोटाच वर जातो.

पूर्णाकाठ
मोजण्याचं शंभर टक्के मान्य. पण 2014 च्या मोठ्या चाचणीत मज्जातंतू जाळलेले रुग्ण आणि फक्त अँजिओग्राफी (धमनीत नळी घालून फोटो) केलेले रुग्ण यांच्या बीपीत ठळक फरक निघाला नव्हता. पुढच्या चाचण्यांत निघाला, तोही मोजकाच. शिवाय मानेतल्या धमनीतले दाब ओळखणारे तंतू चढलेल्या दाबाला काही दिवसांत सरावतात. घटकाभराची चढउतार ते सावरतात, वर्षांचा दाब नाही.

संत्राबाग
ताणाचं खापर नको हे बरोबर, पण पाण्याचा हिशेब जपून करा. हातातलं टीडीएस यंत्र सोडियम सांगत नाही. कॅल्शियम, मॅग्नेशियम, सगळे क्षार एकत्र मोजतं. प्रयोगशाळेतून सोडियम आणि क्लोराइड वेगळं काढून घ्या. सोडियम बायकार्बोनेटच्या रूपात असेल तर दाबावरचा परिणाम मिठापेक्षा कमी असतो.

मला जास्त काळजी गोळ्यांची आहे. सोयाबीन काढणी आली की अंगदुखीवर डायक्लोफिनॅकची गोळी रोजची होते. ती किडनीचा रक्तपुरवठा जपणारी प्रोस्टाग्लँडिन्स ही द्रव्यं दाबते, मीठ साठतं, बीपी चढतं, आणि चालू औषधाचा जोरही कमी होतो. टेल्मिसार्टन ही बीपीची गोळी, लघवीची गोळी आणि डायक्लोफिनॅक एकत्र, वर मे महिन्यातलं 45 अंश ऊन, म्हणजे किडनी अचानक बंद पडायला सगळं तयार. उलटी-जुलाब लागले तर पहिल्या दोन गोळ्या तात्पुरत्या थांबवायच्या का, हे त्याच दिवशी डॉक्टरांना विचारा.

धानपट्टा
याला मात्र विरोध नाही. फक्त “थांबवा” ऐकून लोक सगळ्याच गोळ्या सोडतात. क्लोनिडिन किंवा अटेनोलॉल ही बीपीची गोळी एकदम बंद केली तर दबलेले मज्जातंतू उसळतात आणि बीपी आधीपेक्षा वर जाऊ शकतं.

पूर्णाकाठ
म्हणूनच म्हणतो, लघवीतलं अल्ब्युमिन (प्रथिन) आणि रक्तातलं क्रिएटिनिन (किडनी गाळून टाकते तो कचरा) प्रत्येक बीपीवाल्याचं वर्षातून एकदा तरी बघाच. टेल्मिसार्टन सुरू केल्यावर दोन ते चार आठवड्यांत क्रिएटिनिन आणि पोटॅशियम. क्रिएटिनिन 30 टक्क्यांपर्यंत वाढलं तर घाबरून गोळी सोडू नये. किडनी आधीच कमजोर असेल तर ‘लो सोडियम’ मीठ विकत आणू नका. त्यात काही सोडियमच्या जागी पोटॅशियम असतं, आणि कमजोर किडनीला ते नीट बाहेर टाकता येत नाही.