घाटउतारावर ऑटोमॅटिक ‘डी’मध्ये ठेवून नुसते ब्रेक दाबत राहणे पुरेसे आहे का?

घाटवाट

काल या चर्चामंचावर एका सदस्यांनी लिहिले की ऑटोमॅटिक गाडीतील इको, नॉर्मल आणि स्पोर्ट हे मोड केवळ विक्रीसाठी केलेली सजावट आहे; ब्रेक दाबला की गिअरबॉक्स आपोआप खालचा गिअर टाकतोच; घाटातही गाडी ‘डी’मध्येच (ड्राइव्ह, म्हणजे गिअर आपोआप बदलणाऱ्या नेहमीच्या स्थितीतच) ठेवावी आणि ब्रेक वापरावेत, कारण ब्रेकचे पॅड स्वस्त असतात आणि गिअरबॉक्स महाग. नव्याने ऑटोमॅटिक घेतलेल्या अनेकांनी त्याखाली आभार मानलेले पाहिले, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

ब्रेक दाबल्यावर गिअर उतरतो हे खरे आहे. तो केव्हा उतरतो आणि किती उतरतो, हे मात्र मोडवर ठरते. नॉर्मलमध्ये आणि त्याहून अधिक इकोमध्ये ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला की गाडीचा संगणक इंजिनावर भार नाही असे समजून वरचा गिअर टाकतो, कारण त्याची सगळी आखणी इंधन वाचवण्यासाठी असते. काही ड्युअल क्लच (दोन क्लचच्या) गाड्या इकोमध्ये क्लच सोडून इंजिन चाकांपासून तोडतात आणि गाडी मोकळी धावू लागते. मग तुम्ही ब्रेक दाबता, वेग बराच खाली येतो, तेव्हा कुठे पाचव्याचा चौथा होतो. स्पोर्टमध्ये तोच गिअरबॉक्स हलक्या ब्रेकवरही लवकर गिअर उतरवतो, इंजिनाचे फेरे जुळवून घेतो आणि ब्रेक सोडल्यावरही तो गिअर धरून ठेवतो. स्टिअरिंगमागच्या पॅडलने (बोटाने गिअर बदलण्याच्या पट्टीने) गिअर बदलला, तर निर्णय तुमचा असतो. फेरे मर्यादेबाहेर जाणार असतील तर गिअरबॉक्स ती आज्ञा पाळत नाही, त्यामुळे इंजिन फुटेल ही भीती निराधार आहे.

सहा गिअरच्या एका प्रचलित गिअरबॉक्समध्ये दुसऱ्या गिअरचे गुणोत्तर (गिअरबॉक्समधून बाहेर पडणाऱ्या एका फेऱ्यामागे इंजिनाचे फेरे) २.३७ आणि सहाव्याचे ०.६९ आहे. म्हणजे इंजिनाचा रोध (पाय उचलल्यावर गाडीला मंदावणारी त्याची ओढ) तेवढाच धरला, तरी दुसऱ्यात तो चाकांवर जवळजवळ साडेतीन पट होऊन पोहोचतो, आणि फेरे वाढल्यामुळे मूळ रोधही वाढतो.

आता बोरघाट घ्या. लोणावळा समुद्रसपाटीपासून सुमारे ६२० मीटर उंचीवर आहे आणि खोपोली त्याच्या साधारण साडेपाचशे मीटर खाली. दीड टनाची गाडी एवढे उतरते तेव्हा सुमारे ८० लाख ज्यूल, म्हणजे सव्वादोन युनिट विजेइतकी ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. त्यातला तिसरा हिस्सा वारा आणि टायर घेतील. उरलेली एकतर इंजिनात जिरेल, नाहीतर ब्रेकमध्ये उष्णता होऊन बसेल. संगणकाला पुढचे वळण दिसत नाही, चालकाला दिसते. म्हणून उतार लागण्याआधीच मोड बदलावा, असे माझे ठाम मत आहे.

उजवा पाय

काल ‘डी’मध्येच ठेवा असे लिहिणारा मीच होतो आणि मी ते मत मागे घेत नाही.

आपण वर्णन करता तो गिअरबॉक्स वीस वर्षांपूर्वीचा आहे. आजचा संगणक इंजिनाच्या ताकदीवरून गाडीने किती वेग घ्यायला हवा आणि प्रत्यक्षात ती किती घेते, याची तुलना सतत करत असतो. त्यावरून त्याला उतार कळतो, आणि ब्रेक लागताच तो ‘डी’मध्येही गिअर उतरवून धरून ठेवतो. माझी गाडी आंबा घाटात काही न सांगता हे करते.

दुसरे, पॅडलने गिअर उतरवताना मागचे ब्रेकचे दिवे लागत नाहीत. मागे एसटी असताना आपली गाडी दिव्याविना मंदावते, याचा विचार आपल्या ज्यूलच्या हिशेबात कुठे आहे? तिसरे, पावसाळ्यात शेवाळलेल्या वळणावर एकदम दोन गिअर खाली टाकले तर ओढणारी चाके घसरू शकतात, आणि एबीएस (ब्रेक लावताना चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा) ब्रेकचा दाब सांभाळते, इंजिनाचा रोध नव्हे. नवशिक्याला असले प्रयोग शिकवणे मला धोक्याचे वाटते.

गॅरेज रोड

माझे गॅरेज घाटाच्या पायथ्याशी आहे, त्यामुळे ‘पॅड स्वस्त’ या वाक्याचा शेवट मी रोज पाहतो. शनिवार-रविवारी कुटुंब घेऊन उतरलेली ऑटोमॅटिक दारात येते तेव्हा चाकाजवळ हात नेववत नाही, डिस्कवर निळसर झाक चढलेली असते, पॅडचा पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत झालेला असतो आणि मालक सांगतात की शेवटच्या वळणांवर पेडल खाली जात होते.

पेडल खाली जाते ते ब्रेक ऑइल उकळल्यामुळे. डॉट ३ प्रतीचे नवे ऑइल किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत आणि डॉट ४ किमान २३० अंशांपर्यंत टिकावे असा दंडक आहे. पण हे ऑइल हवेतले पाणी शोषते, आणि ओल धरलेल्या ऑइलसाठी हेच आकडे १४० आणि १५५ वर येतात. वाफ दाबली जाते, द्रव दाबला जात नाही. पाय तळाला टेकतो आणि गाडी थांबत नाही. कोकणात राहणाऱ्यांनी ऑइल दोन वर्षांनी बदलावे, असे मी प्रत्येकाला सांगतो आणि बहुतेक जण ऐकत नाहीत.

महामार्ग ४८

मोटारींच्या मोडवर एवढी शाई आटवता, पण माणसे मरतात ती न्यूट्रलमुळे. पुण्याजवळच्या नवीन कात्रज बोगद्यातून बाहेर पडल्यापासून नवले पुलापर्यंतचा उतार ज्यांनी रोज पाहिला आहे त्यांना वेगळे सांगायला नको. भरलेला ट्रक डिझेल वाचवण्यासाठी न्यूट्रलमध्ये सोडायचा, ब्रेक तापले की हात वर करायचे, आणि पुढे सिग्नलची वाट पाहत उभ्या असलेल्यांनी जीव गमवायचा. ‘वाहन न्यूट्रल करू नये’ असे फलक लावून झाले, वेगमर्यादा खाली आणून झाली, तरीही तेच. अशा चालकांचे परवाने कायमचे रद्द केले पाहिजेत.

दहाचाकी

आपण ज्यांना शिव्या देत आहात, त्यांत माझे वडील येतात. त्यांनी आयुष्यभर भरलेले ट्रक घाटातून उतरवले, आणि ज्या गिअरमध्ये चढायचे त्याच गिअरमध्ये उतरायचे, हा नियम त्यांनी कधी मोडला नाही. पण न्यूट्रल का मारतात, हे विचारण्याची तसदी आपण कधी घेतली आहे का? अनेक ठिकाणी मालक फेरीसाठी ठराविक डिझेल देतो. कमी पडले तर चालकाच्या पगारातून कापतो, उरले तर ते चालकाचे. ज्याच्या घरची भाजी त्या उरलेल्या डिझेलवर येते, त्याला फलक काय शिकवणार? परवाना चालकाचा रद्द होतो, आणि तो हिशेब लावणारा मालक दुसऱ्या दिवशी दुसरा चालक बसवतो. आपण मोटारीच्या वातानुकूलित जागेवरून न्यायनिवाडा करू नये.

महामार्ग ४८

गरिबी हे दुसऱ्याला चिरडण्याचे समर्थन होऊ शकत नाही. त्या उतारावर माझ्या शेजाऱ्यांचा मुलगा गेला. मला मालकांचे अर्थशास्त्र सांगू नका.

घाटवाट

दोघांनाही विनंती आहे की एकमेकांवर तुटून पडण्याआधी मूळ समजूत तपासावी. घाटातल्या तीव्र उतारावर न्यूट्रलने इंधन वाचते हेच चूक आहे. इंजेक्शनच्या (संगणक इंधन मोजून सोडतो अशा) गाडीत गिअर टाकलेला असताना ॲक्सिलरेटर सोडला आणि फेरे आयडलच्या (उभ्या गाडीत इंजिन चालू राहण्यापुरत्या फेऱ्यांच्या) पुरेसे वर असले, तर संगणक इंधन पूर्ण बंद करतो. चाकेच इंजिन फिरवतात. न्यूट्रलमध्ये इंजिन स्वतःच्या बळावर चालू ठेवावे लागते, म्हणजे इंधन जळतच राहते.

उजवा पाय

हे अर्धेच झाले. सौम्य उतारावर न्यूट्रलमध्ये गाडी पुष्कळ लांब घरंगळते, गिअरमध्ये मात्र लवकर मंदावते आणि पुन्हा ॲक्सिलरेटर द्यावा लागतो. म्हणूनच इकोमध्ये मोकळे धावणे उत्पादकांनी मुद्दाम दिले आहे. तीव्र उतारावर तुमचा मुद्दा लागू पडतो, हे नाइलाजाने मान्य करतो.

दहाचाकी

तीव्र उतारावरचा खरा धोका इंधनाच्या पलीकडचा आहे. हवेच्या ब्रेकमध्ये पेडल वरचेवर दाबत राहिले की टाकीतला दाब कॉम्प्रेसर भरून काढण्यापेक्षा वेगाने उतरतो. त्यातच कोणी इंजिनही बंद केले तर कॉम्प्रेसर थांबतो आणि स्टिअरिंगही जड होते. डिझेल इंजिनाला पेट्रोलसारखा थ्रॉटलचा (हवा रोखणाऱ्या झडपेचा) अडथळा नसल्यामुळे नुसता पाय उचलून पुरत नाही, म्हणून ट्रकला एक्झॉस्ट ब्रेक (धुराची वाट अडवून इंजिनाचा रोध वाढवणारा) देतात; आणि न्यूट्रल मारले की तोही निरुपयोगी होतो, कारण इंजिनाचा चाकांशी संबंधच तुटलेला असतो. शेजाऱ्यांच्या मुलाबद्दल ऐकून वाईट वाटले. तरीही फेरीच्या डिझेलचा हा ठेका बंद झाल्याशिवाय तो उतार सुधारणार नाही, या मतावर मी ठाम आहे.

महामार्ग ४८

ठेका बंद करा, मालकांवरही गुन्हे नोंदवा, माझी हरकत नाही. पण चालकाला सोडून नव्हे.

नवी पाटी

मोठ्यांच्या वादात मध्येच बोलतो, क्षमस्व. आमच्याकडे हायब्रिड (इंजिन आणि विजेची मोटर दोन्ही असलेली गाडी) आहे आणि पुढच्या आठवड्यात आंबोलीमार्गे सावंतवाडीला उतरायचे आहे. माझ्या गिअरच्या दांड्यावर ‘बी’ आहे. तो वापरायचा की नाही?

गॅरेज रोड

लांब उतारावर जरूर वापरा. साध्या उतारावर ब्रेक पेडल हलके दाबले तरी आधी मोटरच ऊर्जा बॅटरीत परत घेते, त्यामुळे शहरात ‘बी’चा विशेष लाभ नाही. पण आंबोलीसारख्या घाटात बॅटरी मध्येच भरते आणि मग ती आणखी घेऊ शकत नाही. त्या वेळी ‘बी’मध्ये इंजिन इंधनाविना फिरवून रोध मिळवला जातो. आवाज वाढेल, घाबरू नका. सीव्हीटी (ठराविक गिअर नसलेला, पट्ट्यावर चालणारा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) असेल तर हेच काम ‘एल’ किंवा ‘एस’ करतो. एएमटीवाल्यांनी (साध्या गिअरबॉक्सचे गिअर यंत्र बदलते अशा गाडीवाल्यांनी) मात्र लक्षात ठेवावे की गिअर बदलताना त्यांचा क्लच क्षणभर सुटतो आणि तेवढ्या वेळात इंजिनाचा रोध नसतो, म्हणून वळणात शिरण्याआधीच दुसरा किंवा तिसरा टाकून घ्यावा.

उजवा पाय

गॅरेज रोड यांनी हे ज्या रीतीने मांडले, त्यात मला आक्षेपार्ह काही दिसत नाही. लांब घाटात स्पोर्ट किंवा मॅन्युअल वापरावा इथपर्यंत मी येतो. मात्र ‘डी’मध्ये गाडी उतरवणारा प्रत्येक जण बेजबाबदार आहे, हा घाटवाट यांचा सूर मला अमान्य आहे, आणि दिव्यांच्या व ओल्या रस्त्याच्या माझ्या मुद्द्यांना अजून कोणीही उत्तर दिलेले नाही.

घाटवाट

दिव्यांचे उत्तर सोपे आहे: मागे वाहन जवळ असेल तर गिअर उतरवताना ब्रेक पेडलला हलका स्पर्श करावा, दिवे लागतात. ओल्या रस्त्याबद्दलची आपली चिंता योग्य आहे, पण चाके घसरतात ती वळणात अचानक दोन गिअर टाकल्याने. सरळ भागात, वेग आधी ब्रेकने कमी करून, एकेक गिअर खाली आणावा आणि वळण संपेपर्यंत तो बदलू नये. ‘डी’मध्ये नेमके हेच हाती राहत नाही. खंबाटकीचा जुना बोगदा संपल्यावर पुण्याच्या दिशेने जे एस वळण लागते, तिथे आपली गाडी कोणत्या क्षणी गिअर उतरवते हे आपण सांगू शकाल का?

उजवा पाय

नेमका क्षण नाही सांगता येणार. पुढच्या वेळी त्या उतारावर शेजारी बसणाऱ्याला गिअरच्या आकड्यावर लक्ष ठेवायला सांगेन आणि जे दिसेल ते येथे लिहीन, मग ते आपल्या बाजूचे असो वा माझ्या.