स्पेलमन कॉलेजवर प्रोजेक्ट: सगळ्या मुली एकाच समाजाच्या, मग प्रश्न कसले?

सुरगाण्याची_पोर
नमस्कार. एस.वाय.बी.ए., समाजशास्त्र. गाव सुरगाण्याकडे, नाशिकला हॉस्टेलवर असते. प्रोजेक्टला अमेरिकेतल्या अटलांटाचं स्पेलमन कॉलेज घेतलंय. कृष्णवर्णीय मुलींचं, १८८१ साली एका चर्चच्या तळघरात सुरू झालेलं. सर म्हणाले, "तिथे सगळ्या एकाच समाजाच्या, त्यात सगळ्या मुलीच. भेदभाव करणार कोण?" वर्ग हसला.

आमच्या हॉस्टेलवरही सगळ्या आदिवासी मुलीच आहेत. तरी मेसचे डीबीटीचे पैसे (जेवणाऐवजी थेट खात्यात येणारे) रखडतात, गेटला लवकर कुलूप लागतं, आणि गोरी-काळी तर आमचं आमच्यातच चालतं. म्हणजे तिथेही काहीतरी असणारच. पण "असणारच" लिहून मार्क मिळत नाहीत. ठोस घटना सांगा ना कुणीतरी. गुलामगिरीचा इतिहास नको, तो पुस्तकात आहे.

इंदिरानगर_ते_अटलांटा
सरांना २००४ सांग. नेली या कृष्णवर्णीय रॅपरच्या संस्थेला स्पेलमनमध्ये अस्थिमज्जा दात्यांची नोंदणी करायची होती. काम चांगलंच, त्याच्या बहिणीला रक्ताचा कॅन्सर होता. पण त्याच्या एका व्हिडिओत बाईच्या पार्श्वभागावरून क्रेडिट कार्ड फिरवलेलं. मुली म्हणाल्या, या, पण आमच्यासमोर बसून त्यावरही बोला. संस्थेने कार्यक्रमच रद्द केला, आणि टीका मुलींवरही झाली. घरच्या पुरुषाला जाब विचारला की काय होतं, हे आपल्याकडच्या बायकांना वेगळं सांगायला नको.

सीबीएस_चहा
अमेरिका कशाला? काळाराम मंदिराच्या सत्याग्रहावर लिही की.

सुरगाण्याची_पोर
दादा, तो निम्म्या वर्गाने घेतलाय.

नाशिकरोडचे_काका
मी आयुष्यभर हिशेब तपासले, म्हणून पैशाचं सांगतो. नॉर्थ कॅरोलिनात ग्रीन्सबरोला बेनेट कॉलेज आहे, तेही कृष्णवर्णीयांचं, १९२६ पासून फक्त मुलींचं. १९६० मध्ये गोऱ्यांसाठी राखीव लंच काउंटरवर जाऊन बसण्याच्या आंदोलनात इथल्या मुली होत्या. डिसेंबर २०१८ मध्ये कॉलेजांना मान्यता देणाऱ्या संस्थेने त्याची मान्यता काढायचं ठरवलं. कारण शिकवणं नव्हे, तिजोरी. तिथे मान्यता गेली की केंद्र सरकारची आर्थिक मदत बंद, आणि गरीब घरच्या मुली त्याच मदतीवर शिकतात. कॉलेजने ५० लाख डॉलर उभे करायचं ठरवलं, जमले ९५ लाख. तरी अपील फेटाळलं गेलं! मग कॉलेज कोर्टात गेलं आणि तगलं. आता विचार कर, ज्या समाजाला पिढ्यान्‌पिढ्या जमीन, घर, बँकेचं कर्ज धड मिळालं नाही, तिथल्या माजी विद्यार्थिनी देणग्या देऊन देऊन किती देणार? श्रीमंत कॉलेजांचा बराचसा कारभार ठेवींच्या उत्पन्नावर चालतो. इथे ठेवच तुटपुंजी.

सुरगाण्याची_पोर
काका, हेच घेते. २०१८ मध्येच आमच्याकडची हॉस्टेलची पोरं डीबीटीविरुद्ध पुण्याहून नाशिकला चालत निघाली होती, सिन्नर तालुक्यात पोलिसांनी अडवली. दोन्ही शेजारी-शेजारी मांडते. अटलांटावाल्या ताई, स्पेलमनमध्ये ट्रान्स मुलींना प्रवेश मिळतो हे खरं का?

इंदिरानगर_ते_अटलांटा
हो. २०१७ मध्ये जाहीर झालं, २०१८-१९ पासून लागू. पण ते या प्रोजेक्टमध्ये कोंबू नकोस, वेगळा धागा काढ.