मदत हवी आहे: ‘कधीही नाही’ निवडूनही ड्राइव्ह झोपतो

जुनी_पाने
पंधरा मिनिटे हात लावला नाही की ड्राइव्हमधली डिस्क फिरायची थांबते. मग सेव्ह करायला गेले की वर्ड काही सेकंद गोठते, आतून घरघर ऐकू येते आणि डिस्क गेली की काय या भीतीने जीव टांगणीला लागतो. सेटिंगमध्ये ‘कधीही नाही’ निवडले, संगणक पुन्हा सुरू केला, तरी उपयोग शून्य. या चौदा डिस्कांवर वडिलांचे अप्रकाशित लेखन आहे. ड्राइव्ह सतत फिरता कसा ठेवावा, हे कृपया लवकर सांगावे.

चकतीवाला
ड्राइव्ह कोणता, प्रणाली कोणती, जोडणी स्कझी (वेगळ्या कार्डावरची) की पॅरलल पोर्ट (प्रिंटरची), आणि ‘सेटिंग’ म्हणजे नेमके कुठले, हे आपण लिहिलेले नाही. आयोमेगा कंपनीचा जॅझ ड्राइव्ह असेल तर विचार वेगळा करावा लागेल, कारण त्यात हार्ड डिस्कसारख्या कडक चकत्या मिनिटाला 5400 फेरे घेतात.

टर्मिनल
लिनक्समध्ये एचडीपार्म या डिस्क-सेटिंगच्या आज्ञेला ‘-एस 0’ द्या, झोपेचा टायमर बंद होईल.

जुनी_पाने
बाहेरून जोडायचा, काढता-घालता येणाऱ्या 100 एमबी डिस्कांचा आयोमेगाचा झिप 100 आहे, स्कझी कार्डावर, विंडोज 98 मध्ये. सेटिंग कंट्रोल पॅनेलमधल्या पॉवर मॅनेजमेंटचे. लिनक्स नाही.

चकतीवाला
गफलत तिथेच आहे. ते सेटिंग संगणकातल्या हार्ड डिस्कसाठी असते; झिपचा टायमर ड्राइव्हच्याच आत असून तो आयोमेगाच्या सॉफ्टवेअरमधून बदलावा लागतो. एचडीपार्मचा तो पर्याय एटीए (स्कझीहून वेगळ्या जोडणीच्या) ड्राइव्हसाठी असल्याने लिनक्स असते तरी इथे चालला नसता.

सतत_चालू
टायमर मिळाला की शून्यावर आणा. प्रत्येक वेळी नव्याने फिरायला लागताना मोटरवर ताण येतो, म्हणून मी माझे ड्राइव्ह कधीच झोपू देत नाही.

चकतीवाला
असहमत. झिपची चकती फ्लॉपीसारखी लवचीक असते आणि ती थांबली की हेड (वाचन-लेखन करणारा भाग) मागे घेतले जाते. वाचन-लेखन चालू नसताना ती फिरवत ठेवणे म्हणजे उष्णता आणि झीज विकत घेणे. शिवाय वर्ड आपल्या तात्पुरत्या फायली मूळ फाइलच्याच फोल्डरमध्ये ठेवते, त्यामुळे झिपवरून थेट संपादन करूच नये. आधी सगळे हार्ड डिस्कवर उतरवून घ्यावे.

खटखट
‘टक टक’ असा आवाज येतो का? येत असेल तर ताबडतोब थांबा. बिघडलेले हेड डिस्कची कड फाडते आणि तीच डिस्क दुसऱ्या चांगल्या ड्राइव्हमध्ये घातली की त्याचेही हेड जाते.

जुनी_पाने
तसा आवाज नाही, फक्त घरघर. आयोमेगाच्या सॉफ्टवेअरमध्ये झोपेची वेळ सापडली, तिथे 15 हाच आकडा होता आणि तो मी तसाच ठेवला आहे. पहिली डिस्क पूर्ण उतरली, बाबांची 1997 सालची टिपणे त्यांनी टंकली तशीच उघडली. एका डिस्कची धातूची झडप किंचित वाकली आहे, ती मात्र अजून आत घातलेली नाही.

खटखट
घालूही नका. आधी बाकीच्या बारा उतरवा.