डिफरन्शियल: पिनियनची शिम ठरवण्यासाठी जुनं बेअरिंग चालेल का?

मागच्या ॲक्सलचा क्राउन-पिनियन (डिफरन्शियलमधलं मोठं दातेरी चाक आणि त्याला फिरवणारं छोटं) आणि चारही बेअरिंग नवी टाकली आहेत. जुनीच पिनियन शिम (पिनियन किती आत बसेल ते ठरवणारी पातळ चकती) वापरली. क्रश स्लीव्ह (नट आवळताना दबणारी नळी) अजून घातलेली नाही. नट हळूहळू आवळून पिनियनचा प्रीलोड (बेअरिंगवरचा दाब, पिनियन फिरवायला लागणाऱ्या जोरावरून मोजलेला) १.८ न्यूटन-मीटरवर आणला. बॅकलॅश (दात्यांमधली मोकळीक) डायल गेजने चार जागी मोजला, ०.१५ ते ०.१८ मिमी येतो.

अडचण दात्यांवर उमटणाऱ्या खुणेची आहे. दात्यांना पिवळी पेस्ट लावून, क्राउनला लाकडाच्या दांड्याने अडवून फिरवलं. ड्राइव्ह बाजूला (इंजिन गाडी ओढताना दाब येतो ती) ठसा दात्याच्या मुळाशी, आतल्या टोकाकडे. कोस्ट बाजूलाही (ॲक्सिलरेटर सोडल्यावर दाब येतो ती) मुळाशीच, पण बाहेरच्या टोकाकडे. म्हणजे पिनियन जास्त आत आहे, शिम पातळ करावी लागणार, इतकं कळतं. क्राउन सरकवून पाहिला, बॅकलॅश बिघडला पण ठसा मुळाशीच राहिला.

शिम पिनियनच्या डोक्यामागे, बेअरिंगखाली आहे. नवं बेअरिंग दरवेळी पुलरने ओढलं तर रोलर धरणारा पिंजरा वाकायची भीती वाटते. जुन्या बेअरिंगचं भोक घासून ते हाताने बसेल असं करता येईल. त्याचे रोलर आणि धाव (रोलर ज्यावर फिरतात ती कडी) दोन्ही गुळगुळीत आहेत.

पण जुन्या-नव्याच्या उंचीत फरक असला तर शिमचा हिशेब चुकेल. तो फरक घरी नेमका कसा मोजायचा? आणि पहिल्या फेरीत शिम किती कमी करू, ०.०५ की थेट ०.१० मिमी?